लांब पल्ल्याची धाव आणि विसाव्याची शिस्त

(जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये सामाजिक संस्थांच्या निधीसाठी धावण्याचा संकल्प केलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांपुढे एका जिल्हा माहिती अधिकाऱ्याने पोळ्यानंतरच्या आठवड्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर.)

आपल्यापैकी कोणी कर्करोगाच्या रुग्णांसाठी, कोणी मुलींच्या शिक्षणासाठी, तर कोणी अंध विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी धावणार आहात. त्यासाठी आपण नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे आणि कचेरीतील सहकाऱ्यांकडे मदतीची मागणी केली आहे व त्यांनी ती आनंदाने दिली आहे. या उपक्रमाबद्दल आपणा सर्वांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो.

मी वैद्य नाही, तसा क्रीडा-मार्गदर्शकही नाही. उपयुक्त माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम, आणि त्याच नात्याने मी आज आपल्यापुढे उभा आहे. गेल्या काही दिवसांत आपल्यापैकी अनेकांशी बोलणे झाले. जो तो विचारीत होता, किती धावावे? पहाटे किती वाजता उठावे, आठवड्यात किती किलोमीटर भरावेत, चढ किती चढावेत? किती थांबावे, असे मात्र एकानेही विचारले नाही. यास्तव आजचे माझे बोलणे या न विचारलेल्या प्रश्नापुरतेच मर्यादित ठेवावयाचे मी ठरविले आहे.

मुंबईची ही शर्यत २००४ मध्ये सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये ते प्रमाण म्हणून निश्चित झाले. अर्धमॅरेथॉन म्हणजे याच्या निम्मे, एकवीस किलोमीटरांहून किंचित अधिक. ज्यांनी शाळा सुटल्यानंतर मैदानावर पाऊल टाकलेले नाही, अशांना यांपैकी कोणतेही अंतर सोपे नाही. परंतु साडेचार महिन्यांची शिस्तबद्ध तयारी केल्यास निरोगी प्रौढ व्यक्तीला अर्धमॅरेथॉन खचितच साध्य आहे. ज्यांचे पाय पूर्वीपासून चालते आहेत, त्यांना पूर्ण मॅरेथॉनही अशक्य नाही. प्रश्न आहे तो शिस्त या शब्दाचा अर्थ आपण काय करतो, हा.

संकल्पाचे ओझे

केवळ हौसेने धावणारा मनुष्य थकला तर घरी बसतो. त्याला कोणाला उत्तर द्यावयाचे नसते. दुसऱ्यासाठी धावणाऱ्याची स्थिती निराळी असते. एखाद्या दिवशी गुडघा दुखतो, अंगात कसर वाटते. पण त्याच वेळी देणगी देणाऱ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. ज्या मुलांसाठी आपण धावतो ती बिचारी एवढे सोसतात, मग आपण एवढ्याशा दुखण्याने अंथरुणात पडून राहावे काय, असा विचार मनात येतो आणि मनुष्य बूट चढवून निघतो. हेतू चांगला, निश्चय चांगला, आणि परिणाम मात्र असा की डिसेंबरमध्ये डॉक्टर पायाला प्लॅस्टर घालतात. ज्या संकल्पासाठी विश्रांती नाकारली, तोच संकल्प त्यामुळे अपुरा राहतो.

मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, आपण दिलेल्या शब्दात विश्रांतीचाही समावेश आहे. सरावाचा दिवस पाळणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच विसाव्याचा दिवस पाळणे हेही. विसावा म्हणजे घेतलेल्या शब्दातून काढलेली रजा, असे कोणी मानू नये.

शरीर बळ केव्हा कमावते?

धावल्याने शरीर बळकट होते, असे आपण म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. धावत असताना शरीर बळकट होत नाही, ते झिजते. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, साठविलेली साखर खर्ची पडते, घामावाटे पाणी व क्षार निघून जातात. ही झीज भरून काढताना शरीर पुढील श्रमासाठी पूर्वीपेक्षा थोडी अधिक तयारी करून ठेवते. हे काम चालते विश्रांतीत, आणि त्यातही विशेषेकरून गाढ झोपेत. झीज भरून येण्यापूर्वीच पुन्हा कठीण श्रम केले, तर तयारी वाढण्याऐवजी झिजेवर झीज साचत जाते.

शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. दम आणि स्नायू काही आठवड्यांतच सरावतात. स्नायुबंध आणि हाडे यांना कितीतरी अधिक काळ लागतो. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर प्रथम त्यातील जुना भाग काढून टाकते आणि नंतर तेथे नवा, अधिक मजबूत भाग भरते. जुने निघाले आहे आणि नवे अद्याप पक्के व्हावयाचे आहे, अशा मधल्या काही आठवड्यांत ते हाड नेहमीपेक्षा दुबळे असते. जुन्या घराची भिंत उतरवून नवी बांधताना छपराला टेकू द्यावा लागतो, तशीच ही अवस्था. नेमक्या याच काळात धावणाऱ्याचा दम वाढलेला असतो, उत्साह ओसंडत असतो आणि तो अंतर दुप्पट करतो. मग नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो. पुढचे सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक, धावणे बंद! विसाव्याचे दोन दिवस वाचविण्यासाठी दोन महिने गमवावे लागतात.

साखरेचाही हिशेब पाहा. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण पाचशे ग्रॅम साखर साठविलेली असते. तीपासून सुमारे दोन हजार कॅलरी ऊर्जा मिळते. साठ किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावण्यास अंदाजे साठ कॅलरी लागतात. शरीर काही ऊर्जा चरबीतूनही घेते, तरीसुद्धा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय एकाएकी जड का होतात, हे या हिशेबावरून सहज ध्यानात येईल. रिकामी झालेली ही कोठी पुन्हा भरण्यास, पोटभर जेवण घेतले तरी, एक ते दोन दिवस लागतात. रविवारी लांब पल्ला धावून सोमवारी पहाटे पुन्हा वेगाने धावणारा मनुष्य म्हणजे रिकाम्या कोठीतून दाणे उपसणारा शेतकरी होय.

वारीतील विसावा, शेतातील पोळा

हे सारे नवे शास्त्र आहे असे समजून आपण बिचकू नये. लांब पल्ला चालण्याची आपली परंपरा शेकडो वर्षांची आहे. आषाढी वारीत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते. त्यानंतर पुणे ते सासवड हा मोठा टप्पा येतो आणि त्यातच दिवे घाटाची चढण. हा टप्पा पार पडला की सासवडला पुन्हा दोन मुक्काम. प्रत्येक दिवसाच्या वाटचालीतही जागोजागी थांबे ठरलेले असतात, आणि त्यांना नावच मुळी 'विसावा' असे आहे. या मुक्कामांमागे धार्मिक कारणे आहेत, हे खरेच. पण साठी उलटलेले स्त्री-पुरुष डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत पायी पोहोचतात, त्यात या विसाव्यांचा वाटा लहान नाही.

नुकताच आपण पोळा साजरा केला. वर्षभर राबणाऱ्या बैलाला त्या दिवशी कोणी जुंपत नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी करून त्याच्या खांद्यांना हळद व तूप चोळतात. जो शेतकरी बैलाचा खांदा सुजलेला दिसताच जू उतरवून ठेवतो, तोच स्वतःचा गुडघा सुजला असता मात्र सरावाला निघतो, याला काय म्हणावे? पाळीव जनावराच्या बाबतीत आपण दाखवितो ते शहाणपण स्वतःच्या देहाच्या बाबतीतही दाखविले, तर माझे निम्मे भाषण अनावश्यक ठरेल.

परदेशातही जाणत्या प्रशिक्षकांनी हेच तत्त्व मांडले. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आपल्या धावपटूंना एक दिवस कठीण श्रम दिल्यावर दुसरा दिवस हलका देत. हा क्रम आज जगभर रूढ झाला आहे.

आठवड्याची आखणी

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. आठवड्याच्या सात दिवसांपैकी चार दिवस धावावे, एक दिवस पायांना ताण न देणारा व्यायाम करावा आणि दोन दिवस पूर्ण विसावा घ्यावा, हे नवशिक्यांना पुरेसे आहे. समजा, रविवारी लांब पल्ला ठेवला. मग सोमवारी विसावा. मंगळवारी पाच-सहा किलोमीटर संथ धाव. बुधवारी थोडा वेग किंवा थोडा चढ. गुरुवारी सायकल, पोहणे अथवा योगासने. शुक्रवारी पुन्हा संथ धाव. शनिवारी विसावा, म्हणजे रविवारसाठी पाय ताजे राहतील.

संथ धाव म्हणजे किती संथ? शेजारी धावणाऱ्या मित्राशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग वाढला असे समजावे. पुष्कळजण संथ धाव थोडी जलद करतात आणि जलद धाव थोडी संथ. त्यामुळे सारे दिवस मध्यम कठीण होतात आणि विश्रांतीही मिळत नाही, प्रगतीही होत नाही. आठवड्यातील बहुतेक अंतर संथ गतीनेच कापावयाचे आहे.

अंतर वाढविताना पायरीपायरीने वाढवावे व दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे. उदाहरणार्थ, रविवारचा पल्ला दहा, बारा, चौदा असा वाढला की चौथ्या रविवारी पुन्हा दहावर यावे; नंतर चौदा, सोळा, अठरा व पुन्हा बारा. हा उतरता आठवडा पाहून अनेकांना मागे पडल्यासारखे वाटते. वस्तुतः तीन आठवड्यांची कमाई याच आठवड्यात पदरात पडते.

आखणी करताना आपल्या नोकरीचा विचार अवश्य करावा. दिवसभर उभ्याने काम करणारी परिचारिका, बंदोबस्तावरील पोलीस शिपाई किंवा एसटीचा वाहक यांचे पाय संध्याकाळपर्यंत आधीच थकलेले असतात. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या लिपिकाचे वेळापत्रक त्यांनी जसेच्या तसे उचलू नये. रात्रपाळीनंतरचा दिवस हा विसाव्याचाच दिवस धरावा. मनगटावरील घड्याळाला आणि भ्रमणध्वनीतील नोंदींना आपली पावले मोजता येतात. साहेबांची बोलणी, मुलाचे आजारपण किंवा रात्रीचे जागरण त्यांच्या हिशेबात पूर्णपणे येत नाही. शरीराच्या हिशेबात मात्र ते सारे येते.

झोप, जेवण आणि घरकाम

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, आणि सराव वाढेल तशी थोडी अधिकच. पहाटे साडेचारला उठावयाचे असेल, तर रात्री साडेनऊला दिवा मालविला पाहिजे. ते शक्य नसेल तर धावण्याची वेळ बदलावी. झोप कापून धाव वाढवू नये.

लांब धावेनंतर तासाभराच्या आत काहीतरी खावे. त्यासाठी महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. केळी, पोहे, गूळ-शेंगदाणे, दूध, भाकरी-उसळ, वरण-भात, आणि चालत असल्यास अंडी, यांतून झीज भरण्यास लागणारे बहुतेक सर्व मिळते. वजन कमी करणे आणि अंतर वाढविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी नेटाने करू नयेत. भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. श्रम वाढून अन्न अपुरे पडले तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. असे झाल्यास संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील हिमोग्लोबिनही सरावाच्या आरंभीच तपासून घेतलेले बरे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे मला आवश्यक वाटते. रविवारी अठरा किलोमीटर धावून आलेला पुरुष पाय पसरून वर्तमानपत्र वाचतो व चहाची वाट पाहतो. तेवढेच अंतर धावून आलेली भगिनी मात्र ओट्यापाशी उभी राहते, धुणे वाळत घालते आणि दुपारी चारला टेकते. दोघांचे धावणे सारखे. विसावा मात्र सारखा नाही. स्त्रीच्या दुखापतीचे कारण आपण तिच्या बुटांत शोधतो. ते कधी कधी घरातील कामाच्या वाटणीत असते. जे कुटुंब आपल्या सूनबाईच्या किंवा आईच्या धावण्याचे कौतुक करते, त्याने रविवारचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा. निधीला दिलेल्या देणगीइतकीच ही मदतही मोलाची आहे.

शरीराच्या सूचना

शरीर मोडण्यापूर्वी सूचना देत असते. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, एक मिनिट नाडी मोजावी आणि वहीत लिहून ठेवावी. नेहमीपेक्षा ती पाच-दहा ठोक्यांनी अधिक असेल आणि दोन-तीन दिवस तशीच राहिली, तर विश्रांती अपुरी पडत आहे किंवा आजार येऊ घातला आहे, असे समजावे. झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, विनाकारण चिडचिड होणे, वारंवार सर्दी होणे आणि नेहमीचा वेगही कठीण वाटणे, ही अतिश्रमाची इतर लक्षणे होत.

दुखण्यातही फरक करावयास शिकले पाहिजे. दोन्ही मांड्या सारख्याच आंबल्या असतील आणि दोन दिवसांत बऱ्या होत असतील, तर काळजीचे कारण नाही. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखविता येईल असे दुखणे, धावताना वाढत जाणारे दुखणे किंवा लंगडावयास लावणारे दुखणे असेल, तर त्या दिवशी धावू नये. ताप असताना तर मुळीच धावू नये. छातीत दुखणे, घेरी येणे, धाप न उतरणे ही लक्षणे दिसताच थांबावे व तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे, अथवा ज्यांच्या घराण्यात तो आहे, त्यांनी सराव वाढविण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

शेवटचे तीन आठवडे

सर्वांत कठीण विसावा शेवटच्या तीन आठवड्यांचा असतो. शर्यत जवळ आली की राहिलेला अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्री उरकणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे अनेकजण अंतर वाढवू लागतात. पण या काळात केलेल्या कठीण श्रमाचे फळ शर्यतीपूर्वी हाती येत नाही, थकवा मात्र येतो. म्हणून सर्वांत लांब धाव शर्यतीपूर्वी तीन आठवडे संपवावी आणि मग अंतर टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत उतरवावे. थोडा वेग राहू द्यावा. अंतर तेवढे कमी करावे. या दिवसांत पाय जड वाटतील, नवी दुखणी जाणवतील, मन अस्वस्थ होईल. तरीही वहीतील आखणी मोडू नये.

येथे एका थोर धावपटूची हकीगत सांगण्यासारखी आहे. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा अतिशय कठोर सरावासाठी प्रसिद्ध होता. १९५० च्या ब्रुसेल्स येथील युरोपीय स्पर्धेपूर्वी अन्नविषबाधेमुळे त्याला सुमारे दोन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. स्पर्धेला अवघे काही दिवस उरले असताना तो बाहेर आला आणि पाच हजार व दहा हजार मीटर या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये या दोन शर्यतींबरोबर मॅरेथॉनही जिंकून त्याने तीन सुवर्णपदके मिळविली. आजारपणाने कोणी जिंकत नाही. परंतु वर्षानुवर्षे कमावलेली ताकद दोन आठवड्यांच्या सक्तीच्या विसाव्याने नाहीशी होत नाही, एवढे या हकीगतीवरून निश्चित दिसते. चार दिवस सर्दीने घरी बसावे लागले म्हणून हवालदिल होणाऱ्यांनी ती स्मरणात ठेवावी. बुडालेला सराव पुढच्या आठवड्यात दुप्पट धावून भरून काढण्याचा प्रयत्नही करू नये. तो बुडाला असे समजून पुढे जावे.

थांबावे लागले तर?

शेवटी एक अवघड प्रश्न उरतो. सर्व काळजी घेऊनही ऐन जानेवारीत दुखापत झाली, ताप आला, किंवा शर्यतीत वाटेतच थांबावे लागले, तर देणगीदारांना काय सांगावयाचे?

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे नाव आपण ऐकले असेल. १९७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. कर्करोगावरील संशोधनासाठी निधी उभारावयाचा म्हणून कृत्रिम पायाने संपूर्ण कॅनडा ओलांडण्यास तो १२ एप्रिल १९८० रोजी निघाला. दररोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तो धावे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर १ सप्टेंबर रोजी त्याला थांबावे लागले. कर्करोग फुफ्फुसांत पसरला होता. जून १९८१ मध्ये तो वारला. देशाचा दुसरा किनारा त्याने गाठला नाही. तरीही फेब्रुवारी १९८१ पर्यंत त्याच्या निधीत दोन कोटी चाळीस लाख कॅनेडियन डॉलरांहून अधिक रक्कम जमली होती, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येत माणशी सुमारे एक डॉलर. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून त्याच्या नावाने सुरू झालेली धाव आजही अनेक देशांत दरवर्षी होते.

टेरीच्या धैर्यापुढे आपण नतमस्तक व्हावे. त्याचे वेळापत्रक मात्र उचलू नये. त्याच्यापुढचा काळ आणि आपल्यापुढचा काळ यांत फार अंतर आहे. त्याच्या कहाणीतून आपण एवढेच घ्यावे की, लोकांनी पैसा दिला तो ज्या कार्यासाठी तो धावला त्या कार्यासाठी, आणि तो थांबल्यावरही ते देत राहिले. आपले देणगीदारही आपल्या घड्याळातील वेळ पाहून देणगी देत नाहीत. डॉक्टरांनी धावू नका असे सांगितले तर तसे त्यांना मोकळेपणाने कळवावे. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाण्याचे पेले द्यावेत, सहकाऱ्यांना हाक मारून धीर द्यावा, आणि पुढल्या वर्षी धावावे. ज्या रुग्णांसाठी आपण धावतो, त्यांच्या खाटांमध्ये आपल्या खाटेची भर पडावी, अशी त्यांचीही इच्छा असणार नाही.

बंधुभगिनींनो, आपण उद्या सकाळी सरावाचे वेळापत्रक लिहावयास घ्याल. माझी विनंती एवढीच की, प्रथम त्यात विसाव्याचे दिवस लिहा, झोपेची वेळ लिहा, घरातील कामाची वाटणी लिहा. आणि मग उरलेल्या जागेत किलोमीटर भरा. जानेवारीतील त्या पहाटे आपण सारे प्रारंभरेषेवर निरोगी उभे असाल, आणि दुपारी हसत घरी परताल, अशी मला उमेद आहे. आपल्या सत्कार्यास सुयश चिंतितो.